झटकल्यानंतर

मूळ उपटायचं, झटकायचं.
जी खाली पडते ती नुसती माती.
झटकूनही जी चिकटून राहते
ती मुळाची.
आम्हाला तेवढीच हवी असते,
चमचाभर, फार तर दीड.

शिरोळच्या मळीत, पौषात,
शाळू पोटरीत आलेला.
बांधाच्या अलीकडे आदगोंडा मगदूम,
एकोणीस वर्षं शाळवावर शाळू.
"चार म्हशी हाईत बाई. कडबा कोण देणार, तुमचं कॉलेज?"
बांधाच्या पलीकडे राजमती, त्याची चुलत भावजय.
हरभरा, मग शाळू, मग भुईमूग,
मध्ये एक साल नुसता ताग,
फुलावर आला की गाडलेला.
"उगवायचं आणि पुरायचं," आदगोंडा म्हणतो,
"ह्येला शेती म्हणत्यात?"
राजमती खुरपं न थांबवता म्हणते,
"रानाला बी जेवान लागतंय."

पिशव्यांवर मी नावं घातली नाहीत.
अ आणि ब. पेन्सिलीनं.
शाई बर्फाच्या पाण्यात पसरते.

एसटीत कंडक्टरनं पेटी जरा हलवून पाहिली.
"मासं?"
"माती."
"मातीला बरफ?"
जयसिंगपूरपर्यंत तो हसत होता.
हातकणंगल्याला मागं येऊन हळूच म्हणाला,
"आमच्या रानातली बी बघशीला काय?"

रात्री प्रयोगशाळेत
एक ग्रॅम माती पाण्यात,
त्यातलं थोडं पुन्हा पाण्यात,
पुन्हा, पुन्हा, सहा वेळा,
कोटींमधला एकेक
मोजण्याइतका एकटा होईस्तोवर.
मग बशीतल्या अगरच्या सायीवर पसरून
अठ्ठावीस अंशात निजवायचं.

तिसऱ्या दिवशी ब म्हणजे
लक्ष्मीपुरीतला रविवारचा बाजार.
गुलाबी, केशरी, लोण्यासारखे,
पिठूळ पांढरे, ज्यांच्यामुळे मातीला मातीचा वास येतो,
एक लिबलिबीत, शेजाऱ्यांच्या जागेत पाय पसरलेला.
आणि अ?
गर्दी तितकीच. आकडा जवळजवळ तोच.
पण सगळे एका गणवेशात.
मी वहीत लिहिलं: संख्या सारखी, माणसं कमी.
मग "माणसं" खोडून "प्रकार" केलं.

वाक्य तयारच होतं माझ्याकडे,
मगदुमांना सांगायचं, पिकं पालटा म्हणून.
तेवढ्यात शेवटच्या बशा आठवल्या,
ज्यांत मी खडखड्याची बुरशी सोडली होती,
शाळवाची ताटं आतून पोकळ करणारी, काळी.
ब मधल्यांना ती वळसे घालत घालत
गाठत आली होती.
अ मध्ये एका ठिपक्यापासून
नखभर अंतरावर थांबलेली.
दिवे मालवले, निळा दिवा धरला.
ठिपका उजळला,
कोवळ्या हरभऱ्याच्या घाट्यासारखा हिरवट.

एकोणीस वर्षं तेच मूळ, तोच वैरी.
बाकीचे एकेक करून उठून गेले,
हा राहिला,
आणि एकच गोष्ट शिकला, पण पक्की.
उद्या वैरी बदलला तर
याला काय विचारणार?
मी दिवा बंद केला. पुन्हा लावला.
तयार वाक्य आता तोंडात बसेना.

आदगोंडाचाच फोन आला.
"काय निघालं?"
"तुमच्या मुळाशी एक राखणदार आहे."
"आणि बाकीची?"
"बाकीची फार नाहीत."
पलीकडे बराच वेळ
म्हैस कडबा चावत होती.
"राजमतीकडची येतील का बांध वलांडून?"
पत्रकात याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही.
"मुळं गेली तर येतील कदाचित," मी म्हटलं.
"त्या राखणदाराला काय हुईल मग?"
"तेही बघावं लागेल."

पुन्हा चावण्याचा आवाज.
"बांधाकडनं चार सरी हरभरा टाकतो फुडल्या साली.
चारच.
म्हशींस्नी इचारून."